संपर्क व्यक्ती

जळगावच्या मुख्य शाखेतून माझा प्रोग्राम
दर पाच मिनिटांनी एकवीस स्विचना हाक मारतो.
फैजपूर, आहे. सावदा, आहे.
चोपडा दोनदा गप्प, तिसऱ्यांदा आहे.
यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड, पोचलं तर पोचलं.

एसएनएमपीत प्रत्येक गोष्टीला आकड्यांचा पत्ता:
एक टिंब तीन टिंब सहा टिंब एक,
फांदीवरून फांदीवर उतरत गेलं
की शेवटी काहीतरी साधंच हाती लागतं.
पंखा फिरतोय का. किती बाइट आले.
कधीपासून जागा आहेस.

यावल म्हणालं, चारशे नव्वद दिवस.
मे महिना, पत्र्याखाली, एकसष्ट अंश.
मी उगाच शेजारची फांदी हलवली.
ठिकाण: माठाच्या वर, खिडकीला पाठ.
संपर्क: रुबाब तडवी.

रुबाबभाऊ मागच्या रमजानात गेले.
फोनवर म्हणायचे, "मशीन चालूच हाये,
तुमचंच तिकडे काही बिघडेल हाये."
बहुतेक वेळा खरं निघायचं.

सात दिवसांनी मोजणी भरून शून्यावर आली.
बत्तीस बिटांत याहून जास्त जागरण मावत नाही.
प्रोग्राम फसला. रात्री दोनला नोंद:
यावल पुन्हा सुरू झाले. कळवले: रुबाब तडवी.

तो घोळ मी दुरुस्त केला. नावाला हात लावला नाही.
सकाळी चारुलता फेगडेचा फोन:
"मॅडम, त्याच्यावर फडकं रोज मी मारते.
मग?"

सेट. एक ओळ. झालं.
"आणि माठ कधीच फुटला," ती म्हणाली.
ते मला नीट ऐकू आलं नाही.