अक्षता कधी टाकायच्या

निमा मुशी माझ्या वरच्या खोलीत राहते.
भाडं तीन हजार, वीज वेगळी.
तिच्या गावातून बर्फाचा डोंगर दिसतो
आणि खाली केळीच केळी; फोटोत दाखवलं तिनं.
इतक्या लांबून सोलापूरला फार्मसी शिकायला का आलीस,
दोन वर्षांत मी विचारलं नाही.
मला तरी कुणी विचारलं होतं
बार्शी सोडून नीलम नगरात का आलीस म्हणून.

शेजारच्या येमूलांच्या लावण्याचं लग्न.
पत्रिका दोघींत मिळून एक:
‘सौ. पाटणे व निमा, सहकुटुंब.’
निमाचं कुटुंब त्या पत्रिकेपुरतं मीच.

तिला माझं डाळिंबी इरकल नेसवलं.
निऱ्या कमरेत ठरेनात, सात पिना लागल्या.
रिक्षावाला सारखा आरशात बघायला लागला,
म्हटलं, पुढं बघ बे.

येमूलांचे आठही माग त्या दिवशी बंद होते.
सव्वीस वर्षं तो खडखडाट भिंतीतून माझ्या उशीत येतो.
त्या सकाळी आला नाही,
तर मला उठायलाच उशीर झाला.

कार्यालयात सगळं तेलुगूत.
हसणंसुद्धा.
निमा कानाशी लागून विचारायची, आता काय?
आणि मी सांगत होते,
आता नवरा बसेल, आता नवरी येईल.
नवरी आली ती टोपलीत बसून,
मामांनी उचलून आणलेली.
हे मी कधी पाहिलं नव्हतं.
म्हटलं, हो, असंच असतं.

हातात अक्षता.
आमच्याकडं कुणीतरी सावधान म्हणतं
आणि सगळ्यांचे हात आपोआप उठतात.
इथं कुणी सावधच करेना.
मूठ घामेजली, हळद बोटांना लागली.
कधी टाकायच्या, निमानं विचारलं,
तेव्हा मात्र खोटं जमेना.
माहीत नाही गं, मीही इथली नाही.

तेवढ्यात पडद्याच्या दोन बाजूंनी दोन हात वर आले,
एकमेकांच्या डोक्यावर जीरं-गूळ दाबला,
सनई आणि डोल एकदम अंगावर धावून आले
आणि माझ्या शेजारून
या पोरीच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला,
जिभेनं धोटा फेकावा
या काठावरून त्या काठाला,
परत, परत, परत,
मधे दोरा न तुटता.

सगळं कार्यालय वळलं.
डोलवाल्याचा हात हवेत राहिला.
मी तिचा पदर ओढला. माझे कान तापले.
पहिल्या रांगेतली नरसव्वा उठली,
विड्या वळून वाकडी झालेली बोटं निमाकडं रोखून
म्हणाली, मळ्ळी!

मला तेलुगूचे सातच शब्द येतात.
हा त्यांतला एक;
गल्लीतली पोरं झोका थांबला की ओरडतात.
पुन्हा कर म्हणतायत, मी निमाला सांगितलं.
त्या दिवशी मी सांगितलेली
ही पहिली खरी गोष्ट.

तिनं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा.
पडदा कधी पडला कळलं नाही.
अक्षता मी उशिरा टाकल्या;
एका म्हाताऱ्याच्या टोपीवर पडल्या, त्यानं नमस्कार केला.

रात्री जिन्यावर बसून
तिच्या बारीक वेण्यांतले तांदूळ वेचत होते.
मांडीवर आहेराचा टॉवेल पसरलेला, त्यात टाकत होते.
डिसेंबरात माझ्या बहिणीचं लग्न आहे, ती म्हणाली.
तिकीट परवडत नाही.
हे ओरडायचं काम तिथं माझं होतं.
मी काही बोलले नाही.
एक दाणा फारच आत अडकला होता.

येमूलांच्यात कुणीतरी एक माग सुरू केला,
लग्नाच्या रात्री, ऑर्डर असेल.
न्हाणीचं दार लावून
मी तो आवाज एकदा काढून पाहिला.
खोकलाच आला.
बाहेरून ह्यांनी विचारलं,
काय गं, पाणी गार आहे का?