टाकी क्रमांक सात

गावाचं नाव स्टोन.
पत्रात वाचून वडिलांनी उलट टपाली विचारलं,
एवढं शिकून शेवटी दगडच का?

कालव्याकाठची लाल विटांची इमारत,
दारावर पितळी पाटी : विद्युतरोधक संशोधन संघ.
अकरा केबल-कारखानदारांनी वर्गणी काढून बांधलेली,
एकमेकांचं तोंड बघायची इच्छा नसताना,
कारण खाणीत केबली फुटत होत्या, माणसं मरत होती
आणि फुटलेली केबल कुणाची
हे कबूल करायला कुणीच तयार नव्हतं.

मी आले तो चौऱ्याहत्तरचा जानेवारी.
देश आठवड्याचे तीनच दिवस चालत होता,
मेणबत्त्या चढ्या भावानं विकल्या जात होत्या.
फोरमन कार्टलिज कंदील घेऊन जिन्यात उभा.
"चल, बदका," म्हणाला.
तिकडे लाडानं असंच म्हणतात,
हे कळेपर्यंत आठवडाभर मी रुसून होते.

तळघरात शिशाच्या अस्तराची टाकी,
तीत कालव्याचं पाणी, पाण्यात नऊ हात रबरी केबल,
तिच्यात तीन हजार तीनशे व्होल्ट.
वर सगळा गाव काळोखात जेवत होता
आणि इथे एक डिझेल इंजिन
फक्त या तुकड्यासाठी धापा टाकत होतं.
"एकतीस सालापासून चालू आहे," कार्टलिज म्हणाला.
"फुटायची वाट बघतोय."
मग म्हणाला, "कशालाही हात लावायचा तर आधी उलटा लाव.
झटका बसलाच तर मूठ वळते. वळू दे, पण रिकामी."

वह्या एकावर एक, माझ्या खांद्यापर्यंत.
तारीख, वेळ, दाब, गळती, सही,
आणि शेवटचा रकाना : बिघाडाचं कारण.
चाळीस सालच्या उन्हाळ्यात अक्षर एकदम गोल होतं,
सही विनिफ्रेड बॅगनल. पुरुष लढायला गेलेले.
नोव्हेंबरातल्या एका रात्री तिनं समासात लिहिलंय :
दक्षिणेला आकाश लाल. गळती नेहमीइतकीच.

माझं काम वरच्या मजल्यावर,
नव्या प्लास्टिकचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं.
विजेच्या ताणानं त्यात झाडं उगवतात, खरंच,
आम्ही त्यांना झाडंच म्हणायचो,
केसाहून बारीक, पानाचा पत्ता नाही,
फांदी पलीकडच्या काठाला टेकली की केबल गेली.
बावीस वर्षं मी ती झाडं मोजली.
खिडकीतल्या कुंडीत मिरची मात्र
एकदाही धरली नाही.

दरम्यान पाटी बदलत गेली.
संघाचं केंद्र झालं, केंद्राचं लिमिटेड,
पितळ उतरवून प्लास्टिक लावलं
(कुठल्या प्रतीचं, ते मी नजरेनं सांगितलं असतं).
कार्टलिज पेन्शनीत गेला, मग चर्चमागे गेला.
एक दिवस लंडनहून कोवळा हिशेबनीस आला,
टाकीत वाकून बघत म्हणाला,
"ही कमावते काय?"
"काही नाही."
"निदान शिकवते काय?"
"फुटली की शिकवेल."
त्यानं ते लिहून घेतलं. चांगला मुलगा होता.

शहाण्णवचा मार्च, गुरुवार, सव्वातीन.
स्विच मीच पाडला, दुसऱ्या कुणाला पाडू दिला नसता.
गुणगुण थांबली तेव्हा कळलं की गुणगुण होती.
पासष्ट वर्षं कोरा राहिलेला रकाना,
पेनाचं टोपण काढून मी बराच वेळ उभी.
मग लिहिलं :
पुरवठा बंद केला. केबल शाबूत.
सही करताना पूर्ण नाव घातलं, हेमांगी प्रभुदेसाई,
नेहमी नुसतं एच. पी. असायचं.

भंगारवाला सोमवारी यायचा होता.
निघण्याआधी पाण्याला हात लावला,
आधी उलटा,
मग तळवा.
कोमट होतं.