जप्तीचं गोदाम

माझ्या वहीत द्वारका सुर्वे म्हणजे
बिडाचा तवा एक, स्टोव्ह एक, उलथणं एक,
घावनाचं पीठ अंदाजे चार किलो, नाशवंत, सबब नष्ट.
पावती क्रमांक दोनशे एकोणीस.

दंड बाराशे. नवा तवा
लालबागला नऊशेत येतो.
हा हिशोब तिने माझ्यासमोर बोटांवर केला
आणि तरी तवाच मागितला.
"सासूचा आहे. त्याला सवय आहे."

परवाना का काढत नाहीस, मी विचारलं.
ती हसली नाही. म्हणाली,
"द्या. आत्ता द्या. कितीला?"
परवाने बंद आहेत.
मी नोकरीला लागलो तेव्हापासून बंद आहेत.

परळच्या हॉस्पिटलातल्या रात्रपाळीच्या नर्सा
पहाटे किती वाजता बाहेर येतात,
कुणाच्या माणसाचं आज ऑपरेशन,
कुणाकडून सहा रुपये कमी घ्यायचे,
हे तिला ठाऊक.
आमच्या कुठल्याच फायलीत हा रकाना नाही.

रस्ता सगळ्यांचा, साहेब म्हणतात. खरं आहे.
मीही त्याच फुटपाथवरून चालतो,
तिच्या स्टोव्हला वळसा घालून, कधी चिडून.
पण सगळ्यांचा म्हणजे तिच्याखेरीज सगळ्यांचा
असं कुठे लिहिलंय, ते मला सापडलं नाही.

काल ती तिथेच होती, नव्या तव्यासह.
पहिली आठ चिकटली, म्हणाली.
नववं मी घेतलं, पैसे देऊन.
पावती मागितली नाही.

जुना अजून मांडणीवर आहे.
दुपारी साडेतीनला खिडकीतून ऊन येतं,
तेवढा वेळ तापतो.