यंदाचं गवत

दिवाळीच्या अलीकडे दरसाल येतो तो,
नव्या आकड्याचा गोल्फ.
गेल्या आकड्यात एक मिळवलेला,
किमतीत पाचशे.

लोमेश म्हणतो, "घेऊन टाकू ना बे. तिघांत किती पडते?"
तिघं म्हणजे तो, मी
आणि कृषी केंद्रावरचा इस्तारी, ज्यानं हे यंत्र
नागपूरहून सेकंडहँड आणलं,
चुंगडीत गुंडाळून, लाखांदूरच्या एसटीत मांडीवर धरून.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
इस्तारी म्हणाला, मिक्सर.

खरा गोल्फ तिघांपैकी कोणी पाहिला नाही.
चेंडू भोकात घालायच्या जागेला ग्रीन म्हणतात,
हे मला चाळिशीत कळलं.
तोवर इतकं सारखं हिरवं
मी फक्त रोवणीआधीचं पऱ्हं पाहिलं होतं,
आणि त्यावर पाय ठेवला तर शिव्या पडतात.

यंदा नवं काय?
लोमेशनं मोबाइलवरून वाचून दाखवलं:
गवताचं पातं न् पातं आता वेगळं हलणार,
वाळूत चेंडू पडला तर कण उडणार,
पिशवी उचलणाऱ्या माणसाच्या कपाळावर
घाम दिसणार.
"घामाचे पाच हजार?" इस्तारी म्हणाला
आणि खर्रा घोटत बसला.

मी लाइनमन. वारा मला खांबावर कळतो,
तारेच्या आवाजातून, उशिरा.
खेळात तो कोपऱ्यात बाण होऊन उभा असतो,
ताशी बारा, ईशान्येकडून,
आणि तुम्ही मारेपर्यंत थांबतो.
एवढ्यासाठी मी पहिला पैसा दिला होता, खरं सांगतो.

अडचण दुसरीच आहे.
जुन्यात आम्ही एक मैदान बांधलंय.
तीन महिने लागले.
आखरापासून बोडीपर्यंत नऊ भोकं.
मोह मिळाला नाही म्हणून सातव्यावर
कुठल्या तरी थंड देशाचं झाड लावलं,
इस्तारी त्याला मोहच म्हणतो.
मुरूम नव्हता, वाळूला मुरूम मानलं.
बोडीत बगळा मागितला, बदक आलं.
राहू दिलं.
नव्यात हे मैदान येत नाही,
बारीक अक्षरात लिहिलंय.
आणि मार्चनंतर जुन्याचं ऑनलाइन बंद.
म्हणजे आमच्या बोडीत चेंडू घालवणारा
तो पोर्तुगालचा अनोळखी माणूसही गेला.

शिवाय उतरवायचं नव्वद जीबी.
रोजचा दीड. हिशेब करा.

हेमलता तेव्हा सहाव्या भोकावर होती.
ती सोसायटीच्या केंद्रावर धान मोजते.
काट्याकडे बघावं तसं उताराकडे बघते,
श्वास धरून,
आणि चेंडू मुकाट्यानं जातो, वादच नाही.
मान न वळवता म्हणाली,
"बारदाना बदलला म्हून धान बदलत नाही."
झालं. निकाल लागला.
लोमेशनं मोबाइल खिशात घातला.

तेवढ्यात लाइन गेली.
गावातले सगळे फोन एकाच माणसाला लागतात,
तो मी.
डीपीवर पोहोचलो, फ्यूज टाकला,
परत आलो तर टीव्हीवर पहिलं भोक.
सहावं सेव्ह झालं नव्हतं.
हेमलता एकानं पुढे होती,
इतकी पुढे आमच्यात कोणी कधी गेलं नाही.
ती काही बोलली नाही. भांडी आवरली.

पैसे इस्तारीच्या गल्ल्यात आहेत,
वेगळ्या रबरात.
फेब्रुवारीत भाव उतरतो म्हणतात, तेव्हा बघू,
असं ठरलं, म्हणजे ठरलं नाही.

रात्री, दिवा घालवल्यावर बऱ्याच वेळानं,
तिनं विचारलं,
"त्या नव्यात उतार बदलला म्हणे ना लोमेश?"
थोडासा, मी म्हटलं.

"थोडासा म्हणजे किती?"