डावं मनगट

तस्नीम परकारनं बाटली माझ्यापुढे सरकवली. म्हणाली,
तूच घे. भावानं दोहाहून पाठवलंय, पण ह्याला काही आवाजच नाही.
तिला ऊद लागतो, जो माणसाच्या आधी दारातून आत येतो
आणि माणूस गेल्यावरही खुर्ची सोडत नाही.

काचेत फिकट गुलाबी पाणी. खोक्यावर लिहिलेलं: फळं, फुलं, कस्तुरी.
कस्तुरी म्हणजे हरणाची ना गं?
छे, कारखान्यातली. ह्यात हरीण नाही.
हर्णैत तरी कुठंय, मी म्हटलं, आणि डाव्या मनगटावर
एकदाच दाबलं.

साडेआठ वाजता ते जाम होतं.
पांढरा जाम, झाडावरून नुकताच उतरवलेला,
दाताखाली नुसतं पाणी, आणि त्या पाण्याच्या कानात
कुणीतरी गुलाबाचं नाव सांगून ठेवलेलं.
थोडी नासपतीची सालही असेल.
फार गोड नाही. गोड असतं तर माश्या आल्या असत्या.
आमच्याकडे त्या तशाही येतातच.

बर्फाच्या कारखान्यात वासांना तोटा नाही.
अमोनिया नाकात सुई घालतो,
मग डिझेल, ओली गोणपाटं, काल उतरलेल्या बांगड्याचं पाणी.
वाटलं, हे बिचारं दहापर्यंतही टिकायचं नाही.
पण ते भांडलंच नाही कुणाशी.
खिडकीत गर्दी झाली की बाजूला उभं राहायचं,
गर्दी सरली की परत मनगटापाशी.

अकराच्या सुमाराला फळ संपलं, फूल आलं.
कुठलं ते ओळखेना. सुरंगी नव्हे,
सुरंगी अख्ख्या एसटीला कळते.
ओवळही नव्हे, ती वाळल्यावर जास्त बोलते.
हे कुणाच्या तरी परसात, गडग्याच्या पलीकडे,
जिथं आपलं कधी काही काम निघालं नाही.

दुपारी घाम, मीठ, घड्याळाचा पट्टा.
नाक लावलं तर काहीच नाही.
गेलं, म्हटलं. डबा खाल्ला, हात धुतले,
आणि चार वाजता पावत्या फाडताना
उन्हात वाळलेल्या मलमलीसारखं काहीतरी,
तान्ह्या पोराच्या, तेल न लावलेल्या टाळूसारखं.
वास म्हणावा तर नाही.
माझीच कातडी, पण जरा बरी वागणारी.

रात्री घरी कुणाला कळलं नाही.
मीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी दामा चोगले तांडेल खिडकीशी आला.
लायसनच्या प्लास्टिक पिशवीतून बर्फाची जुनी पावती काढली,
तीस लाद्या, सही माझी.
हिला काय लावलं होतंस गो? चाळीस वाव पाण्यावर
खलाशी पोरं आळीपाळीनं हुंगत बसली, जाळं ओढायचं सोडून.

पावतीपुस्तकावर डावं मनगट टेकून लिहायची माझी सवय.
हे त्याला सांगायचं कसं.
साबण असेल, म्हटलं. आज किती?

पस्तीस, तो म्हणाला.
नवी पावती त्यानं नाकाशी नेली नाही.
सरळ पिशवीत घातली
आणि तोंड दोनदा बांधलं.