कमाल मागणी

यंत्राच्या पाठीवर पाटी: आठशे वॅट.
पाटीवर जाऊ नये. पाटी लावणारा कारखाना
भित्रा असतो, चार जास्तच सांगतो.
मी वायरीला चिमटा लावते.
भरल्या कामात दोन पॉइंट बावीस अँपिअर,
म्हणजे पाचशे अकरा.
रिकामं बसलं तरी एकशे नव्वद.
कामाशिवाय इतकं खाणारे
आमच्या लेखा विभागातही दोनच आहेत.

ग्वाल्हेर, मे, सेहेचाळीस अंश.
थाटीपूरच्या वळणावर डांबर चप्पल धरून ठेवतं.
आत अठरा अंशांत चौसष्ट यंत्रं
चंबळचं पाणी वाहवून बघतायत,
अजून न आलेल्या पुराचं.
डॉक्टर भदौरियांना नदी जुलैच्या आत हवी.
मला पन्नास किलोवॅटच्या आत.
बत्तीस आणि वर थोडं ती, चौदा त्यांचा गारवा,
उरतात तीन.
त्या तिनात मी झोपते.

रामहेत कुशवाह मीटर वापरत नाही.
तव्यावर धरावा तसा रॅकमागे तळहात धरतो:
"मॅडम, सत्रह नंबर ज़्यादा खा रहा है."
चिमटा लावते. खातोय.
पंख्यात लोकरीचा धागा अडकलाय,
माझ्याच शालीचा.

दुपारी शहराचा दाब दोनशेच्या खाली येतो.
बल्ब मंदावतात, माणसं मंदावतात.
ही नाहीत. दाब उतरला
की जास्त प्रवाह ओढून घेतात
आणि काम तेवढंच ठेवतात.
मला हे कधी जमलं नाही.

बिलाचा नियम असा:
महिनाभर कसे वागलात त्याला एक दर,
आणि तुमच्या सगळ्यात हावऱ्या
पंधरा मिनिटांना दुसरा.
कागदावर तिचं नाव कमाल मागणी.
रामहेत हसतो, "कमाल की माँग."

म्हणून मी वेग काढून घेतला,
पाचातला एक हिस्सा, सगळ्यांचा.
नदी सहा दिवस मागे पडली.
भदौरिया बाई जिन्यात भेटल्या,
बोलल्या नाहीत.

चार जूनला बिल आलं.
एकसष्ट. दंडासकट.
नोंदवहीत बोट फिरवत गेले:
तेवीस मे, पावणेचार ते चार.
यंत्रं आणि त्यांचा गारवा मिळून एकोणचाळीस,
शहाण्यासारखी.
बाकीचे बावीस खालच्या सभागृहात:
सहा एसी, व्हिडिओवाल्याचे हॅलोजन, चहाचा बॉयलर
आणि व्यासपीठामागे झेंडूच्या अक्षरांत
ऊर्जा बचत सप्ताह.
मलाही तिथे तुळशीचं रोप मिळालं होतं.

"कारण" हा रकाना अजून कोरा आहे.

काल वेग परत दिला.
रात्री दोनला पडद्यावर
नदी पात्राबाहेर आली, अटेरच्या अंगानं,
शेतं, मग रस्ता, मग शाळेचा निळा चौकोन.
मी उठून चिमटा लावला.
पाचशे अकरा.