वार

डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या पेनानं :
बेबी ऑफ मोनाली निनावे. चौतीस आठवडे. वार.
कोणता वार, ते लिहिलं नव्हतं.
मंगळवार होता. दुसऱ्या लाटेतला एप्रिल,
मेडिकलच्या आवारात कडुलिंबाखाली
नातेवाईक चादरी टाकून झोपलेले.

आमच्या इकडे आडनावातही वार असतो,
माझ्याच बिल्ल्यावर आहे, बोनगिरवार,
त्यामुळे या शब्दाची भीती अशी कधी वाटली नाही.
आत्या सुईण होती. बाळ रडलं तरी ती हसायची नाही,
वार पडली का, एवढंच विचारायची
आणि पडली की मग चहा मागायची.

निरोगी वार दाबली की बोट आत जातं,
सोडलं की हळूच वर येतं.
गडद, ओली, जडशी.
ही दाबलीच जाईना.
तीनशे दहा ग्रॅम. फिकी.
सुरी घातली तर शिळ्या खरवसातून जावी तशी गेली,
बारीक करकरत.
सतरा वर्षं मी वारा कापते.
हातमोजे काढले, पुन्हा घातले,
आणि उमाठे मॅडमना हाक मारली.

महिन्यानं ती आली रिपोर्ट न्यायला.
सोबत सासरा, गोळीबार चौकातला जुना विणकर,
माग मोडून विकलेला, पण बोटं अजून
रिकाम्या हवेत गाठी मारणारी.
मॅडमनी पडद्यावर दाखवलं :
हे रसांकुर, यांच्यामधून रक्त वाहायला हवं,
इथं हे गुलाबी धागे साकळलेत, सगळीकडे.
म्हातारा पुढं वाकला. बराच वेळ पाहिलं.
"खळ जास्त झाली," म्हणाला.
"असं सूत मंग मोकळं होत नाही."
मॅडमच्या सात ओळींच्या इंग्रजीत
याहून जास्त काही नव्हतं.

ती मात्र पडद्याकडे पाहतच नव्हती.
"मले दोनच दिवस ताप होता.
तोंडाले चव नव्हती, बस.
माह्यापासून लागलं का त्याले?"

नाही. बाळाचं सगळं तपासलं,
फुप्फुस, यकृत, नाळेचं रक्त.
कुठेच नव्हता तो विषाणू.
दारापर्यंत आला, तिथंच अडला. वारेनं अडवला.

"मंग?"

मग काय.
दार लावता लावता तिनं सगळीच दारं लावली.
श्वासही त्याच दारानं जात होता.

ती मान हलवत राहिली,
कंडक्टरनं पुढे सरका म्हटल्यावर हलवतात तशी.
तुझी चूक नाही, हे मी दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा माझाच आवाज मला खोटा वाटला,
गोष्ट खरी असूनही.

जिन्यापाशी ती एकटीच मागं फिरली.
"वार पुरतात ना मॅडम?
आमच्या आजीनं माह्या आईची पुरली होती अंगणात,
कुत्र्यानं उकरू नये म्हणून वरतं दगड.
आमचं घर तर आता तिसऱ्या माळ्यावर हाय.
पण कुंडी हाय एक मोठी. तुळस वाळली तिच्यातली."

पिवळ्या पिशवीचं मी बोलले नाही.
पिशवी त्याच आठवड्यात गेली होती, बाकीच्यांसोबत.
म्हटलं, आमच्याकडे आहे ती. जपून ठेवलीय.
हेही खोटं नव्हतं.

पाच ठोकळे आहेत मेणाचे,
प्रत्येकात नखाएवढा तुकडा.
कपाट नऊ, खालून दुसरा कप्पा.
मे महिन्यात दुपारी लाइट जाते,
कूलरमधला खस वाळून करपट वास सोडतो,
बर्डीवर डांबर चपला धरून ठेवतं.
तेव्हा मी कपाट उघडून हात फिरवते.
कोरडे असतात. कडा शाबूत.

मेण अठ्ठावन्नला वितळतं.
आज शेहेचाळीस होतं.
मध्ये बारा अंश.
पुरतात.